मदत हवी आहे : दोन टाक्यांमधला हवेचा प्रवाह, गणित आणि गेज जुळेनात

नमस्कार मंडळी,

टाकी क ५० लिटरची, आत १० बार हवा. टाकी ख २०० लिटरची, १ बार. (सगळे दाब निरपेक्ष, गेजमध्ये १ मिळवून.) मध्ये बॉल व्हॉल्व्ह आणि २ मिमी छिद्राची चकती. तापमान ३०० केल्विन.

शेवटचा दाब लगेच निघाला : (१०×५० + १×२००) ÷ २५० = २.८ बार. घोडं अडलंय वेळेपाशी. खचा दाब कच्या ०.५२८ पटीच्या खाली आहे तोवर प्रवाह चोक्ड (खचा दाब कितीही कमी असला तरी प्रवाह वाढत नाही), म्हणजे क ४.५ बारवर येईपर्यंत खकडे बघायचीच गरज नाही. विसर्ग गुणांक (प्रत्यक्ष प्रवाह भागिले सूत्राने येणारा आदर्श प्रवाह) ०.८ धरून सुरुवातीला सेकंदाला ५.९ ग्रॅम हवा जाते. तापमान कायम धरून टप्प्याटप्प्याने वस्तुमान वजा केलं, तर ४.५ ला यायला ७९ सेकंद लागायला हवेत. प्रत्यक्षात ७० लागतात, तीनदा मोजले.

गुणांक ०.९ केला की ७० जुळतात, पण मन मानत नाही. कारण कचा गेज ३.५ (निरपेक्ष ४.५) दाखवताच व्हॉल्व्ह बंद केला, तर काटा थांबायच्या ऐवजी हळूहळू चढत काही मिनिटांत ४ वर (निरपेक्ष ५) जाऊन बसला. व्हॉल्व्ह गळतोय म्हणावं, तर खमध्ये दाब कमी. हवा उलटी येईल कशी? कृपया सांगा, दोन दिवस इथेच अडकलोय.

प्रतिसाद :
गुणांकाला हात लावू नका. कमधली उरलेली हवा प्रसरण पावताना गार झाली. व्हॉल्व्ह बंद केल्यावर टाकीच्या पत्र्याने तिला परत ऊब दिली, म्हणून काटा चढला. तो काटाच तुमचा थर्मामीटर आहे. ३०० केल्विनला ५ बार म्हणजे हवा बरोबर निम्मी उरली. त्या क्षणी दाब ४.५ होता, म्हणजे तापमान ३०० × ४.५ ÷ ५ = २७० केल्विन. वस्तुमान ०.५ पट, दाब ०.४५ पट, यावरून घातांक (दाब वस्तुमानाच्या कितव्या घाताने बदलतो तो आकडा) १.१५ येतो. समतापी (तापमान कायम) असता तर १, उष्णता अजिबात आली नसती तर १.४. प्रत्येक टप्प्यावर दाब या घातांकाने काढा, तापमानही बदलत न्या.

मूळ प्रश्नकर्ता :
मनापासून आभार! गुणांक ०.८ च ठेवला, ७०.६ सेकंद आले. ४.५ च्या खाली खचा दाबही सूत्रात येतो, आणि तिथली हवा तर तापत असणार. तिचं तापमान कसं धरू?