एमई सुपरच्या चकतीवर ४ एक्स, २ एक्स म्हणजे काय? काळारामाचं देऊळ राखाडी आलंय

गंगेवरचा_रोल
काकांचा पेंटॅक्स एमई सुपर फिल्म कॅमेरा माळ्यावर सापडला, एलआर४४ चे दोन सेल टाकले तर चालू झाला, मग एचपी५ (४०० स्पीडची ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह फिल्म) भरून पंचवटीत फिरलो. काळारामाचं देऊळ जवळून काढलं तर एवढा काळा दगड सिमेंटसारखा राखाडी आलाय. आणि रामकुंडावर मित्राला उभं केलं, मागे सकाळचं ऊन नि चमकतं पाणी, तर त्याचा चेहराच दिसत नाहीये, म्हणतो मला कोळसा केलास 😀 रोल गुंडाळायच्या दांडीखालच्या चकतीवर ४ एक्स, २ एक्स, १ एक्स, १/२, १/४ असं आहे, प्लस मायनस कुठेच नाही. हेच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन का, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय? कधी कुठे फिरवायचं?

सिडको_३५
हो तेच. १ एक्स म्हणजे शून्य, २ एक्स म्हणजे दुप्पट उजेड म्हणजे +१ स्टॉप, ४ एक्स +२, १/२ म्हणजे −१. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला देऊळ कळत नाही की माणूस, समोर असेल ते मधल्या राखाडीचंच असणार असं धरून चालतो. म्हणून काळं उजळतं, चमकणारं दबतं. मित्राला २ एक्स, पाणी फारच चमकत असेल तर ४ एक्स, देवळाला १/२. आणि झालं की परत १ एक्सवर आण! १ एक्सवर नसेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये ईएफचा दिवा लागतो पण आपण बघतो कुठे, मी पांडवलेणीला अर्धा रोल १/४ वर काढलाय, निगेटिव्ह म्हणजे नुसती काच.

डार्करूमवाला
मित्राचं बरोबर, पण देवळाला १/२ नको करूस रे. निगेटिव्हला जास्तीचा उजेड पचतो, कमी पडलेला नाही. १/२ केलंस तर खांबांच्या नक्षीत जिथे सावली आहे तिथलं आधी जाईल. स्लाइड फिल्म असती तर, तिला जास्तीचा उजेड पचत नाही म्हणून, मी पण १/२ च म्हणालो असतो. शिवाय लॅबचा स्कॅनर स्वतःहून उजळवतो, त्यामुळे स्कॅन बघून एक्स्पोजर ठरवूच नको, निगेटिव्ह परत मागवलीस ना? खिडकीला धरून बघ.
चेहऱ्यासाठी मी चकती फिरवतच नाही. जवळ जायचं, चेहऱ्याने फ्रेम भरायची, मीटर लांबून १/१००० सेकंद शटर स्पीड दाखवत होता आणि आता १/२५० दाखवतोय तर दोन स्टॉपचा फरक, मग मॅन्युअलला टाकून बटणांनी १/२५० लावायचं नि मागे येऊन काढायचा. विसरायला काही उरत नाही.

सिडको_३५
दादा एचपी५ लिहिलंय ते वाचलंच नाही मी, माझं डोकं स्लाइडमध्ये. देवळाचं मागे घेतो.

गंगेवरचा_रोल
निगेटिव्ह खिडकीला लावली. देवळाच्या फ्रेम चांगल्या गडद आहेत, म्हणजे उजेड भरपूर पडलाय, मित्राच्या चेहऱ्याच्या जागी फिल्म जवळजवळ कोरी. देवळाच्या स्कॅनचा उजळपणा मोबाईलवर खाली ओढला तर दगड काळा झाला आणि नक्षी पण शाबूत! मित्राचं मात्र कितीही वर ओढलं तरी नुसता चिखल. रविवारी त्याला परत नेतोय गंगेवर (आपली गोदावरी), मिसळ मागतोय त्याबदल्यात.

डार्करूमवाला
द्यायची मग. आणि त्याच चकतीवर फिल्म स्पीडपण आहे, तो ४०० वरच आहे ना ते बघून घे निघताना.

गंगेवरचा_रोल
१०० वर आहे 🤦