मदत हवी आहे: मॉरिस मायनर घेतोय, पण इंजिन आणि कागद जुळत नाहीत

लेस्टरकर:

मंडळी, मी गेली नऊ वर्षं इंग्लंडात आहे. आमच्या गल्लीतले एक ब्रिटिश आजोबा त्यांची मॉरिस मायनर १००० विकतायत. दोन दारांची, फिकट राखाडी, १९५९ची. "माझ्याआधी हिला कुणी हात लावलेला नाही, सगळं मूळचं," असं ते म्हणतात. माणूस सरळ आहे, पण गाडी त्यांनी स्वतः १९८४ साली घेतलीय. म्हणजे आधीच्या पंचवीस वर्षांचं त्यांना तरी काय ठाऊक?

माझी गाड्यांची अक्कल म्हणजे बाबांच्या ऑफिसच्या अँबॅसिडरच्या बॉनेटखाली टॉर्च धरून उभं राहणं, एवढीच. तरी दोन गोष्टी खटकल्या.

एक, बॉनेटच्या बरोबर मधून पुढून मागे एक सपाट पट्टा जातो. कुणीतरी गाडी कापून जोडल्यासारखा. ठोकलेली गाडी आहे का ही?

दोन, लॉगबुकात (गाडीच्या नोंदणीच्या कागदात) ९४८ सीसी लिहिलंय, पण इंजिनवरच्या पट्टीवरचा नंबर १०एमए असा सुरू होतो. हे काय प्रकरण आहे?

बायकोचा प्रश्न वेगळाच आहे ("ठेवणार कुठे?"), त्याचं उत्तर मी शोधतोय.

स्पॅनरवाला:

पहिल्या शंकेचं उत्तर मजेशीर आहे. गाडी खरंच कापून जोडली होती, पण तुमची नव्हे, नमुन्याची! मायनरचा डिझायनर अ‍ॅलेक इसिगोनिस. गाडी जवळजवळ तयार झाली आणि त्याला ती अरुंद वाटायला लागली. मग नमुन्याची गाडी मधोमध उभी कापली आणि दोन्ही अर्धे सरकवत बघत बसला. चार इंचांवर त्याचं समाधान झालं. तो चार इंचांचा पट्टा बॉनेटवर कायमचा राहिला. सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर तर आधीच तयार होते, तेही मध्ये कापून तुकडा घालून वापरले. म्हणजे पट्टा नसता तर काळजी करायची.

कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना मात्र ही गाडी अजिबात आवडली नव्हती. 'पोच्ड एग', म्हणजे पाण्यात शिजवलेलं अंडं, म्हणायचे तिला. ऑक्टोबर १९४८ला लंडनच्या प्रदर्शनात आली, आणि डिसेंबर १९६०मध्ये दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली. अंडं बरंच विकलं गेलं!

दुसरी शंका मात्र रास्त आहे. मायनरची इंजिनं क्रमाने अशी: आधी ९१८ सीसी साइडव्हॉल्व्ह, जुन्या मॉरिस एटमधून उचललेलं. १९५२मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन एक झाल्या, तेव्हा ऑस्टिनचं ८०३ सीसी आलं. १९५६मध्ये ९४८, ३७ हॉर्सपॉवर; 'मायनर १०००' हे नाव तेव्हाचं, आणि दुभागलेली काच जाऊन एकसंध काचही तेव्हाच आली. १९६२च्या अखेरीस १०९८, ४८ हॉर्सपॉवर. १०एमए म्हणजे हे शेवटचं. ९४८चा नंबर ९एमने सुरू होतो. तेव्हा १९५९च्या गाडीत ते मूळचं असणं शक्यच नाही. कुणीतरी नंतर बदललंय.

लेस्टरकर:

अरे देवा. म्हणजे सोडून द्यायची?

स्पॅनरवाला:

छे हो! उलट चालवायला ते इंजिन बरं. फक्त 'सगळं मूळचं' म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. आणि बाकीचं बदललंय का ते बघा. १०९८वाल्या गाड्यांना पुढे आठ इंचांचे ब्रेक ड्रम होते, ९४८ला सात इंचांचे. ताकद वाढवून ब्रेक तेच ठेवले असतील तर मला ते पटणार नाही. डिफरन्शियलही (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर) वेगळं असतं. जुनंच असेल तर मोटरवेवर इंजिन उगाच ओरडत राहील.

कागदांचं म्हणाल तर त्याच घराण्यातलं, कंपनीने स्वतः त्या मॉडेलला दिलेलं इंजिन असेल तर तो मोठा बदल धरत नाहीत. चाळीस वर्षांवरच्या गाडीची एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सूट त्यामुळे जात नाही. इंजिनचा नंबर आणि सीसी मात्र लॉगबुकात दुरुस्त करून घ्या.

ग्रीसगन:

इंजिनाचं राहू द्या, ट्रनियन बघा! पुढच्या चाकाचा खालचा सांधा. त्याला वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही तर आटे झिजतात, सांधा निसटतो आणि चाक आडवं होऊन गाडी नाकावर बसते. जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवून बघा. एमओटी माफ असली तरी एकदा करून घ्या, पैसे वाया जात नाहीत.

शिवाय खिशात चुंबक न्या. दारांखालचे सिल, मागच्या स्प्रिंगांचे हँगर, पुढचा आडवा मेंबर. पुट्टी भरलेली असेल तिथे चुंबक धरत नाही. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, तेव्हा गंज म्हणजे नुसतं दिसण्याचं काम नव्हे.

आणि हो, हिचं वायरिंग पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. कुणी बदललेलं नसेल तर डॅशकॅम किंवा फोन चार्जर सरळ लावू नका, जळेल. पेट्रोल ई५ लेबलचं भरा. ई१०मध्ये इथेनॉल जास्त असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं.

लेस्टरकर:

सगळ्यांचे आभार. आज चुंबक घेऊन गेलो. आजोबांनी चहा दिला आणि स्वतःच टॉर्च धरून उभे राहिले. ब्रेक ड्रम मोजले, आठ इंच! म्हणजे ज्याने इंजिन बदललं त्याने काम नीट केलंय. ट्रनियनला ताजं ग्रीस होतं. पण डाव्या सिलवर चुंबक धरलं आणि ते सरळ फरशीवर पडलं. आजोबाही बघत राहिले. किंमत कमी करायला तयार आहेत.

बाबांना फोटो पाठवले. पुढचं सस्पेन्शन बघून म्हणाले, "हे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) तर आपल्या अँबॅसिडरसारखेच. पहिला गिअर गाडी थांबल्याशिवाय टाकू नकोस, सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी सोय) नसेल." बरोबर होतं त्यांचं.

आता शेवटचा प्रश्न: एका बाजूचा सिल कापून नवा वेल्ड करायला मिडलँड्समध्ये साधारण किती खर्च येतो? कुणी अलीकडे करून घेतलं असेल तर आकडा सांगा, शनिवारी उत्तर द्यायचं आहे.