बायॉसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) मदत न घेता आरटीसी, म्हणजे संगणकातील घड्याळाच्या, चिपमधून वेळ कशी वाचावी?

प्रश्न:
मी लाँग मोडमध्ये (प्रोसेसरच्या ६४-बिट पद्धतीत) चालणारे एक छोटे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहीत आहे. तेथे वेळ विचारण्यासाठीचा बायॉसचा १ए इंटरप्ट वापरता येत नाही, म्हणून हेक्स (१६ आधारी) ७० या पोर्टवर रजिस्टरचा (चिपमधील छोट्या कप्प्याचा) क्रमांक लिहून हेक्स ७१ वरून मूल्य घेतो. मात्र ३७ मिनिटे झालेली असताना ५५ हा आकडा येतो, आणि क्वचित वेळ एक तास मागे गेलेली दिसते. असे का होत असावे?

उत्तर १:
चिपने ३७ हा आकडा बीसीडी पद्धतीने (प्रत्येक दशमान अंकाला चार बिट) ठेवला आहे आणि तुम्ही तो साधा बायनरी समजून वाचत आहात, म्हणून ३ × १६ + ७ = ५५ येतात. वरच्या चार बिटांना १० ने गुणून त्यात खालचे चार बिट मिळवावेत. परंतु तसे करण्यापूर्वी रजिस्टर बी अवश्य तपासावे: त्यातील बिट २ लागलेला (म्हणजे १) असेल तर मूल्ये मुळातच बायनरी असतात, आणि बिट १ लागलेला नसेल तर घड्याळ १२ तासांचे असते. अशा वेळी तासाच्या सर्वांत वरच्या बिटात दुपारनंतरची खूण असते. ती आधी बाजूला काढली नाही, तर रूपांतर चुकते.

उत्तर २:
तास मागे जाण्याचे कारण वेगळे आहे. तुम्ही बहुधा तास आधी वाचता. १०:५९:५९ या क्षणी १० हाती आले आणि तेवढ्यात चिपने आकडे पुढे सरकवले, तर १०:०० असे वाचन मिळते. रजिस्टर ए मधील बिट ७ शून्य असल्यास पुढील बदलास किमान २४४ मायक्रोसेकंद असतात, पण मध्येच एखादा इंटरप्ट (प्रोसेसरला दुसऱ्या कामाकडे वळवणारा संकेत) आला तर तेवढी मुदत सहज संपते. म्हणून केवळ त्या बिटावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. सर्व रजिस्टरे दोनदा वाचावीत आणि दोन्ही वाचने तंतोतंत जुळेपर्यंत पुन्हा वाचत राहावे.

प्रश्नकर्ता:
दोन्ही दोष दूर झाले, मनःपूर्वक आभार. शतकासाठी हेक्स ३२ हे रजिस्टर वापरावे का?

उत्तर २:
ते सरसकट गृहीत धरू नये. शतकाच्या रजिस्टरचा क्रमांक एसीपीआयच्या (हार्डवेअरची माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला देणाऱ्या मानकाच्या) एफएडीटी नावाच्या तक्त्यात असतो. तेथे शून्य आढळल्यास असे रजिस्टर नाही असे मानावे. तसेच चिपमधील वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे की स्थानिक, हे ही रजिस्टरे सांगत नाहीत. ते तुमच्या कर्नलच्या सेटिंगमध्येच ठरवावे लागेल.