मदत हवी आहे: ग्रेहाउंडचा फॉर्म वाचताना कोंडीचा हिशोब कसा धरायचा?

नमस्कार मंडळी,

ब्रिटनमधल्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींची कार्डं, म्हणजे प्रत्येक कुत्र्याच्या मागच्या शर्यतींच्या नोंदी (फॉर्म), गेले तीन महिने वाचतोय. अजून पैसे लावलेले नाहीत. शर्यतीआधी निवड आणि तिचं कारण वहीत लिहितो, मग निकालाशी ताडून पाहतो. एका ठिकाणी मात्र सारखा अडतोय.

ए५ ग्रेडमधली (ग्रेड म्हणजे वेगानुसार श्रेणी, आकडा वाढला की श्रेणी खालची) एक मादी आहे. मागच्या वेळी ट्रॅप ३ मधून (ट्रॅप म्हणजे सुटण्याची पेटी), पांढऱ्या जॅकेटमध्ये पळाली आणि विजेत्याच्या ४ लेंग्थ, म्हणजे कुत्र्याच्या चार लांबी, मागे, चौथी आली. विजेत्याची वेळ २९.५० सेकंद. लेंग्थला ०.०८ सेकंद धरले की तिची २९.८२. त्या दिवशी ट्रॅक जड, म्हणजे संथ, गोइंग (ट्रॅकच्या वेगाची दुरुस्ती, सेकंदाच्या शंभराव्या भागात) -१०, म्हणून ०.१० वजा करून २९.७२. इथवर डोक्यात बसलंय. पण शेरा असा आहे: उशिरा सुटली, पहिल्या वळणावर कोंडी, शेवटी जोर धरला. मग त्या २९.७२ मध्ये कोंडीचा वाटा किती आणि तिचा स्वतःचा किती?

व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. वळणावर निळ्या जॅकेटचा कुत्रा आतून बाहेर सरकला, हिने अंग चोरून वेग तोडला आणि तेवढ्यात तिघं पुढे निसटले. माझ्या अंदाजाने ३ लेंग्थ तिथेच गेल्या. त्या परत दिल्या तर वेळ २९.४८ होते, आणि ती एकदम भारी दिसायला लागते. इथेच मला स्वतःचा भरवसा वाटत नाही. कार्डावरच्या सहा ओळींपैकी चार ओळींत 'उशिरा सुटली' आहेच. उशिरा सुटणाऱ्याला वळणावर गर्दी लागणारच ना? मग तिला नुसतं दुर्दैव कसं म्हणायचं?

आता ती ए६ मध्ये उतरली आहे आणि ट्रॅप १ मिळालाय. ती कठड्याला धरून पळते, म्हणून ट्रॅप सोयीचा. पण शेजारच्या ट्रॅप २ चा कुत्रा स्प्लिटला, म्हणजे पहिल्यांदा विनिंग लाइन ओलांडेपर्यंत, तिच्याहून ०.१५ सेकंदाने जलद आहे आणि तोही आत घुसणारा. वजनाची चिंता नाही. १ किलोहून जास्त फरक पडला तर कुत्र्याला शर्यतीतून काढतात, तिचं फक्त ०.३ वाढलंय.

तुम्ही अशा वेळी काय करता? कोंडीच्या लेंग्थ पूर्ण परत देता, निम्म्या देता, की ती ओळ बाजूला ठेवून फक्त मोकळ्या पळालेल्या शर्यती धरता? मोकळ्या धरायच्या तर तिच्या दोनच निघतात, त्यातली एक दोन महिन्यांपूर्वीची. आणि ग्रेड उतरल्यामुळे तिचा भाव, म्हणजे जिंकल्यास मिळणारा परतावा, आधीच कमी असेल. सहाही कुत्र्यांच्या भावातून निघणाऱ्या जिंकण्याच्या शक्यतेच्या टक्क्यांची बेरीज बुकमेकर १०० च्या वर ठेवतो, त्यामुळे मी निवड बरोबर करूनही तोट्यात जाईन अशी धास्ती आहे.

जुन्या नोंदी ठेवणारं कुणी असेल तर तुमची पद्धत एखाद्या खऱ्या शर्यतीवर उलगडून दाखवाल का? तुमचा अंदाज फसलेली शर्यत असली तरी चालेल, उलट तीच आधी वाचायला आवडेल.