गिटहबवरच्या साइटचा पत्ता आणि गायब फोटो

दादा, ऐरोलीच्या सोसायटीची साइट गिटहबवर (कोड ठेवायची आणि त्यातून साइट चालवायची सेवा) टाकली तर पत्त्याच्या शेवटी 'स्लॅश सोसायटी' कशाला येतं आणि फोटो का दिसत नाहीत असं विचारलंत ना, तर दोन्हीचं मूळ एकच आहे. रेपोचं, म्हणजे साइटच्या फाइली ठेवलेल्या गिटहबवरच्या फोल्डरचं, नाव 'युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ' असंच ठेवलं (युजरनेमच्या जागी तुमच्या अकाउंटचं नाव) तर साइट थेट त्या पत्त्यावर उघडते, पण अशी एका अकाउंटला एकच मिळते, दुसरं कुठलंही नाव दिलं की ती प्रोजेक्ट साइट होते आणि रेपोचं नाव, इथे 'सोसायटी', मागे चिकटतंच. आता फोटो. कोडमध्ये 'स्लॅश इमेजेस स्लॅश गेट डॉट जेपीजी' लिहिलंय बहुतेक, तो पहिला स्लॅश ब्राउझरला डोमेनच्या मुळाशी नेतो, मधलं 'सोसायटी' गळतं, मग ४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही', येणारच. तो काढून बघा. फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉलही जुळू दे, विंडोजवर चालतं म्हणून इथे चालेलच असं नाही. आणि पुढे स्वतःचं डोमेन घेतलंत तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा सीनेम (एक पत्ता दुसऱ्याकडे वळवणारी डोमेनची नोंद) नुसता 'युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ'कडे वळवायचा, मागे रेपोचं नाव लावायचं नाही, लोक हमखास तिथेच घोळ घालतात.