खाली एएसी भिंत, वर पीआयआर पॅनेल: जोड कसा सोडवायचा?

साइट_तळोजा
तीन मजली ऑफिस. तळमजल्याला 200 मिमी एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे), बाहेरून 50 मिमी थर्माकोल, त्यावर जाळी, बेसकोट, टेक्स्चर. वरचे दोन मजले 80 मिमी पीआयआर सँडविच पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये कडक फोम), उभे. दोन्ही भेटतात तिथे ड्रॉइंगमध्ये सिलिकॉनची एक रेघ आहे, बाकी काही नाही. पावसाळा काढेल का?

फसाडवाला
नाही. सिलिकॉनच्या मागे पाणी जाणारच, असं धरून चाला. थर्माकोल लागायच्या आधी ब्लॉकच्या वॉटरप्रूफ कोटिंगवर 100 मिमी चढवून मेम्ब्रेन (पाणी अडवणारं लवचिक कापड) पट्टी लावा आणि ती स्लॅबच्या कडेवर न्या. तिच्यावर उतार दिलेलं झेड फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर काढणारा झेड आकाराचा पत्रा: उभी बाजू पॅनेलच्या मागे किमान 100 मिमी, पॅनेलच्या आतल्या पत्र्याला सलग ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), नाक म्हणजे पुढची कड टेक्स्चरच्या 25 मिमी बाहेर. फ्लॅशिंगच्या दोन्ही टोकांना पत्रा वर वळवा, नाहीतर पाणी टोकाशी जाऊन भिंतीत उतरतं. थर्माकोलचा माथा उघडा नको. जाळी-बेसकोट वरून मागे गुंडाळा. माथ्याला 200 मिमी रॉकवूल दिलंत तर आगीच्या दृष्टीनेही बरं.

सीलंट_हिशोब
या आडव्या जोडाचं माप बघा. पॅनेल 6 मीटर, गडद रंग, पत्र्याच्या तापमानात 50 अंशांचा फरक धरला तर 3.6 मिमी हालचाल. फटीच्या 25 टक्के हालचाल सोसणारं सीलंट 10 मिमी फटीत 2.5 मिमीच सोसतं, म्हणजे फाटणार. 20 मिमी फट, 10 मिमी खोली, मागे 25 मिमी बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) ठेवा. रॉड नसेल तर सीलंट तळालाही चिकटतं आणि मधोमध चिरतं. न्यूट्रल क्युअरच (सुकताना आम्ल न सोडणारं) घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंट आणि जस्ताच्या थरावर चालत नाही. आणि टेक्स्चरवर नको, प्रायमर मारून बेसकोटवर. टेक्स्चर ओलं राहून मऊ पडतं आणि सीलंटसकट सोलून निघतं.

दवबिंदू
फसाडवाला, झेड पत्रा बाहेरून थेट एसीच्या खोलीपर्यंत नेऊ नका. बाहेर 30 अंश, 85 टक्के आर्द्रता म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) 27 च्या आसपास, आत 24. तो पत्रा घाम सोडणार आणि लोक त्याला गळती म्हणणार. पत्रा बाहेरच्या अर्ध्यात थांबवा, उभी बाजू मेम्ब्रेनची करा. थंड देशांच्या ड्रॉइंगमधली वाफ अडवणारी आतली फॉइलही काढा, आपल्याकडे वाफ बाहेरून आत येते. आतल्या बाजूला व्हिनाइल वॉलपेपर असेल तर त्यामागे बुरशी ठरलेली.

फसाडवाला
मान्य, मेम्ब्रेनच योग्य. फक्त ती पॅनेलवाल्याच्या कामात लिहा की प्लास्टरवाल्याच्या, हे आधीच ठरवा. दोघंही सोडून देतात. टेक्स्चरच्या आधी पाइपने खालून वर पाणी मारून बघा. वरून सुरुवात केली तर कुठून गळतंय ते कळत नाही.