मदत हवी आहे : किराणा दुकानाच्या मोडी वह्या आणि तिथली कामगार माणसं

नमस्कार मंडळी. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, पणजोबांनी टाकलेल्या आमच्या किराणा दुकानाचा इतिहास लिहायला घेतलाय. घराण्याचा नाही, दुकानाचा. म्हणजे तिथे राबलेल्या माणसांचाही. मुनीम, पोती वाहणारे हमाल, गहू-डाळी निवडणाऱ्या बाया. मालकांचे फोटो भिंतीवर आहेत, यांचा एकही नाही, आणि हे मला फार लागतं.

जुने रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) आणि खतावण्या (खातेवार हिशेबाच्या वह्या) सगळ्या मोडी लिपीत आहेत. सन फसली आहे, म्हणजे निजामाच्या राज्यात चालणारा महसुली सन. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, एवढं जमतं. रकमा मात्र हाली शिक्क्याच्या, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या चलनातल्या. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी सहा, हा हिशेब माहीत आहे, पण १९४८ नंतरच्या पानांवर दोन्ही चलनं शेजारी शेजारी दिसतात आणि मजुरी कोणत्यात दिली ते कळत नाही. काही नावांपुढे 'उचल' (आगाऊ घेतलेले पैसे) लिहून रक्कम आहे, फेडल्याची नोंद दिसत नाही. ती माफ केली की पुढच्या सालात ओढली, हे मला कळायलाच हवं.

परभणी, लातूर, नांदेडकडच्या जुन्या पेढ्यांच्या वह्या कुणी वाचल्या आहेत का? व्यापारी मोडी वाचणारं कुणी जवळपास असेल तर सांगा, मी वह्या घेऊन येईन. शिवाय तुमच्या घरात कुणी साठ-सत्तरच्या दशकात जालन्याच्या मोंढ्यात हमाली किंवा निवडणीचं काम केलं असेल, तर त्यांच्याशी बोलायचं आहे. बहात्तरच्या दुष्काळात उधारी कशी चालली, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. कृपया मेसेज करा.